सातवीचा सेट आणि अकरावीतली गप्प मुलगी

*मॅडम, नमस्कार. आम्ही मानेवाड्याला राहतो. मिस्टर हिंगण्याला एमआयडीसीत कामाला आहेत, मी घरी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते. मुलगा सातवीत आहे, सीबीएसई शाळेत. एप्रिलमध्ये शाळेनं पुस्तकांची यादी दिली. सेट एकाच दुकानात मिळते, बिल ७,४०० रुपये. सुटे पुस्तकं देत नाही म्हणतात. एप्रिलभर तो बाजूच्या मुलाच्या पुस्तकात पाहून आला. आता सुट्ट्या संपल्यावर पूर्ण सेट पाहिजेच, असं टीचरनं डायरीत लिहून पाठवलं. मी म्हटलं जुने पाहू, तर मिस्टर म्हणतात पोराला कमीपणा येईल, नवीनच घे. आमच्याच लाइनीतल्या एकीचा मुलगा त्याच शाळेत आरटीईतून (शिक्षणहक्क कायद्यातून) लागला आहे, तिलाही सेटचे पैसे मागितले. जुलैत माझी भिशी निघते, बारा हजार. तोपर्यंत बचत गटातून उचल घेऊन सेट घ्यावा, भिशी निघाली का फेडावी आणि उरलेल्यात बूट-दप्तर घ्यावं, असा विचार करून राहिली आहे. मुलगी यंदा दहावी झाली, स्टेट बोर्डातून, सेमी इंग्लिश, ८६ टक्के पडले. तिला सायन्स घ्यायचं आहे. ती समजूतदार आहे, काही मागत नाही. म्हणते मैत्रिणीच्या पुस्तकांची झेरॉक्स मारीन, बाकी मोबाइलवर पाहीन. चांगला मोबाइल घरात एकच आहे, तो मिस्टरांजवळ असतो. मिस्टर म्हणतात सायन्सचा खर्च झेपणार नाही, कॉमर्सला टाकू. आम्ही ओबीसी आहोत. यादीचा फोटो सोबत पाठवते. काय करावं?*
*– एक आई, मानेवाडा, नागपूर*

ताई,

तुमच्या पत्रात मुलाच्या पुस्तकांसाठी पानभर जागा गेली आहे आणि मुलीसाठी शेवटच्या काही ओळी. मला विचाराल तर खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळींत आहे, आणि त्याकडे मी येणारच आहे. पण पैसे यादीत अडकले आहेत, म्हणून आधी यादी सोडवू.

फोटो मोठा करून पाहिला. वर ‘सातवीचा सेट’ असं एकच नाव आहे, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. पहिली, एनसीईआरटीची पुस्तकं. गणिताचे दोन भाग, सामाजिक शास्त्राचे दोन, विज्ञान, इंग्रजी, हिंदी आणि संस्कृत, अशी आठ. पहिली ते आठवीचं एनसीईआरटीचं पुस्तक ६५ रुपयांना मिळतं, किंमत पुस्तकावरच छापलेली असते. म्हणजे आठांचे झाले ५२०. दुसरी, खाजगी प्रकाशकांची नऊ पुस्तकं: इंग्रजी व्याकरण, हिंदी व्याकरण, गणिताचं सरावाचं, विज्ञानाचं वर्कबुक, कॉम्प्युटर, जीके, व्हॅल्यू एज्युकेशन, ड्रॉइंग आणि नकाशासंग्रह. यांचे ४,३००. तिसरी, शाळेचं चिन्ह छापलेल्या सोळा वह्या, एकेक ११० रुपयांची, म्हणजे १,७६०. आणि कव्हर, लेबलं, डायरी मिळून ८२०.

बघा, ज्यातून परीक्षा होते तो भाग सव्वापाचशेचा आहे. उरलेले ६,८८० रुपये भोवतालच्या गोष्टींचे. तुम्ही गटाचं कर्ज काढायला निघालात ते या भोवतालसाठी.

आता पेन्सिल घ्या आणि यादीवर खुणा करा. एनसीईआरटीच्या आठांवर एक खूण. ही नवी घेतलीत तरी परवडतात आणि जुनी मिळाली तर आणखी बरं. मात्र एक ध्यानात ठेवा. सातवीची एनसीईआरटीची पुस्तकं २०२५ मध्ये बदलली. गणिताचं ‘गणित प्रकाश’ आणि विज्ञानाचं ‘क्युरिऑसिटी’ असं नाव असेल तर ती नवी. नात्यातल्या एखाद्या मोठ्या मुलाची त्याआधीची पुस्तकं कुणी प्रेमानं आणून दिली तरी ती इथे चालायची नाहीत. गेल्या वर्षी सातवी झालेल्या मुलाचीच हवीत. ही सगळी पुस्तकं एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवूनही घेता येतात, पण त्यांचे प्रिंट काढायला जाऊ नका. दोनशे पानांच्या प्रिंटला दुकानात जेवढे पैसे लागतात त्याहून छापील पुस्तक स्वस्त पडतं.

दुसरी खूण, ज्यात लिहायचं असतं अशा पुस्तकांवर. विज्ञानाचं वर्कबुक, ड्रॉइंग, कदाचित गणिताचं सरावाचं. ही जुनी घेऊन उपयोग नाही. आदल्या मुलानं पेनानं भरलेली असतात. शाळा ती खरंच वापरत असेल तर नवी घ्यावी लागतील. व्याकरणाची दोन, जीके, कॉम्प्युटर, नकाशासंग्रह यांवर तिसरी खूण करा. ही वर्षभर दप्तरात जाऊन येतात आणि मार्चमध्ये जवळपास कोरी असतात. आठवीत गेलेल्या मुलाच्या आईला फोन केलात तर निम्म्या किमतीत मिळतील, कुणी तसंच देईल. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एवढंच टाका: ‘सातवी झालेल्या मुलांची पुस्तकं कुणाला द्यायची असल्यास कळवा, निम्म्या किमतीत घेईन. आमच्याकडची सहावीची पुस्तकं कुणाला हवी असल्यास सांगा.’ दुसरं वाक्य महत्त्वाचं. त्यानं मागणारी आणि देणारी एकाच पातळीवर येतात, आणि तुमची सहावीची पुस्तकंही विकली जातात.

वह्यांचं तर सरळ आहे. चिन्ह नसलेल्या तेवढ्याच पानांच्या वह्या इतवारीत घाऊक दुकानात डझनाच्या भावानं घ्या. वह्या, पेन्सिल, खोडरबर यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. जुन्या दरानं कर लावलेलं बिल कुणी पुढे केलं तर तिथेच बोट ठेवा. आणि बिल घ्याच. सेटवाल्या दुकानात बहुतेक वेळा चिठ्ठीवर आकडा लिहून देतात. चिठ्ठी घेऊन घरी येऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, हे सगळं ठीक, पण दुकानदार सुटी देत नाही आणि शाळा सेट मागते. त्याचं उत्तर असं. पुस्तकं, वह्या, गणवेश अमक्याच दुकानातून घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय जून २००४ पासून आहे. शाळा सीबीएसईची असली तरी सुटका नाही. पालकांना अशी खरेदी करायला लावू नका असं परिपत्रक सीबीएसईनं २०१७ मध्ये सगळ्या शाळांना पाठवलं होतं. नियम आहे, फक्त तो कुणी वाचून दाखवत नाही, कारण वाचून दाखवणारी आई एकटी असते आणि तिला भीती असते की उद्या पोराला वर्गात उभं करतील. ही भीती खोटी नाही. म्हणून एकटीनं जाऊ नका.

चार-पाच जणी मिळून जा. फाटकाशी उभं राहून टीचरशी बोलू नका. तिच्या हातात काही नसतं, तिलाही वरून सांगितलेलं असतं. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या. नमुना देते, हवा तसा बदला:

‘विषय : इयत्ता सातवीच्या पुस्तकांच्या यादीबाबत. महोदय, यादीतील एनसीईआरटीची पुस्तके आम्ही घेतली आहेत. उर्वरित पुस्तकांपैकी वर्गात प्रत्यक्ष शिकवली जाणारी कोणती व ऐच्छिक कोणती, हे कृपया लेखी कळवावे. पुस्तके व वह्या पालकांनी कोठूनही घेतल्यास चालतील, जुनी पुस्तकेही चालतील, अशी सूचना फलकावर लावावी, ही विनंती.’

खाली सगळ्यांच्या सह्या. दोन प्रती न्या, एक ऑफिसात द्या आणि दुसरीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घेऊन पोच म्हणून घरी ठेवा. पोच नसलेला अर्ज ऑफिसातून बाहेर पडेपर्यंत हरवलेला असतो. अर्जात भांडणाची भाषा नको, कायद्याचा उल्लेखही पहिल्या अर्जात नको. शाळेला मागे फिरायला वाट ठेवली की ती बहुतेक वेळा फिरते. बोलताना एक गोष्ट मात्र काढा: केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणाप्रमाणे दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नको. पस्तीस किलोच्या मुलाच्या पाठीवर साडेतीन किलो. सतरा पुस्तकं आणि सोळा वह्या त्यात कशा बसवायच्या, हा प्रश्न मुख्याध्यापकांना पैशांच्या प्रश्नापेक्षा ऐकायला सोपा जातो. दाद लागली नाही तर पुढचा अर्ज पालक-शिक्षक संघाकडे, आणि मग सिव्हिल लाइन्सला जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे, जुन्या अर्जाची पोच जोडून.

तुमच्या लाइनीतल्या त्या ताईंचं प्रकरण याहून वेगळं आहे, त्यांना हा भाग वाचून दाखवा. आरटीईच्या २५ टक्क्यांतून आलेल्या मुलाला नुसती फी माफ नसते. पाठ्यपुस्तकं, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत मिळण्याचाही त्याचा हक्क आहे. शाळा म्हणतील, सरकारकडून आमचेच पैसे थकलेत. ते थकतात हे खरं आहे, वर्षानुवर्षं थकतात. पण ती उधारी शाळेनं सरकारकडे मागायची, सातवीतल्या पोराच्या आईकडे नाही. त्यांनी तुमच्या अर्जावर सही करू नये, स्वतःचा वेगळा अर्ज द्यावा, ‘आरटीई प्रवेशित’ असं वर ठळक लिहून.

मिस्टरांच्या कमीपणाबद्दल. सातवीतल्या पोराला कमीपणा पुस्तक जुनं असल्यानं येत नाही हो. खाकी कव्हर घातलं की शेजारच्या बाकावरच्यालाही कळत नाही. कमीपणा येतो सगळ्यांसमोर ‘तुझा सेट कुठंय?’ असं विचारलं की. तो प्रश्न थांबवायचा असेल तर अर्ज कामाचा, नवा सेट नाही. नवा सेट घेतलात तर यंदा प्रश्न टळेल, पुढल्या एप्रिलला आठवीची यादी घेऊन पुन्हा दारात उभा राहील, आणि तेव्हा भिशी निघालेली नसेल.

तेव्हा मुलाचा हिशेब असा बसतो: एनसीईआरटीचे ५२०, लिहायची दोन-तीन पुस्तकं नवी, बाकीची जुनी, साध्या वह्या. दोन ते अडीच हजारांत सातवी उभी राहते. गटाची उचल घेऊ नका. एवढी रक्कम मिस्टरांच्या एका पगारातून ओढून-ताणून निघेल. विदर्भातल्या उन्हानं शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे तुमच्या हाताशी अजून काही आठवडे आहेत.

आता मुलगी.

ती ‘समजूतदार आहे, काही मागत नाही’ असं तुम्ही कौतुकानं लिहिलंत. तिच्या समजूतदारपणाचा या घराला किती फायदा झाला ते एकदा मोजा. ती स्टेट बोर्डात होती. शाळा अनुदानित असेल तर पहिली ते आठवी तिला बालभारतीची पुस्तकं शाळेतूनच फुकट मिळाली असतील. नववी-दहावीची पुस्तकंही स्वस्त. म्हणजे दहा वर्षांत तिच्या पुस्तकांवर तुमचा जो खर्च झाला तो मुलाच्या सातवीच्या एका सेटएवढाही नसावा. त्यात तिनं ८६ टक्के आणले. आणि आता जिला पहिल्यांदा खर्चाची गरज आहे तिच्यासाठी शाखाच स्वस्तातली शोधायची, हा हिशेब मला पटत नाही. मुलाचा भोवताल तिच्या सायन्समधून वजा होऊन राहिला आहे, ताई. मिस्टर वाईट हेतूनं बोलत नाहीत हे मला कळतं. मागणाऱ्याला आधी मिळतं, एवढंच घडलं आहे.

अकरावी सायन्सला पुस्तकांचा खरा खर्च किती? लोक घाबरतात ते क्लासच्या लाखाच्या आकड्यांना. पुस्तकं त्यामानानं काहीच नाहीत. बालभारतीची भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणिताची पुस्तकं छापील किमतीत गाईडांपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. सध्याची अकरावीची २०१९ मध्ये आली आणि बारावीची २०२० मध्ये, त्यामुळे जुनी भरपूर फिरताहेत. नव्या धोरणानं पुस्तकं टप्प्याटप्प्यानं बदलत आहेत, म्हणून घेण्याआधी कॉलेजात एकदा विचारून घ्या. एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा राज्याच्याच अभ्यासक्रमावर होते, अकरावीचा साधारण २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के भाग. म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी किंवा अॅग्रीकडे जायचं असेल तर हीच पुस्तकं मुख्य. डॉक्टर व्हायचं डोक्यात असेल तर वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं, त्यात जीवशास्त्र तर ओळ न् ओळ.

जुन्या पुस्तकांसाठी सीताबर्डीला, म्हणजे आपल्या बर्डीला जा आणि निकालानंतरच्या या दिवसांत जा, कारण बारावी संपलेली मुलं आताच गठ्ठे आणून टाकतात. जुलैत जे उरतं ते फाटकंतुटकं. घेताना आधी आतलं पान उघडून आवृत्तीचं वर्ष पाहायचं. मग अनुक्रमणिकेवरून शेवटच्या धड्याचं पान काढायचं, ते जागेवर आहे का बघायचं. शेवटची पानं आणि मधल्या आकृत्यांची पानंच बहुतेक गळालेली असतात. जीवशास्त्रात पेन्सिलीनं अधोरेखित केलं असेल तर चांगलंच, हुशार पोराचं पुस्तक मिळालं समजा. गणितात उत्तरं पेनानं लिहिलेली असतील तर सोडून द्या. चारही पुस्तकं एकाच ठिकाणी घ्या आणि शेवटी एकत्र भाव करा. भाव करायला मुलीलाच पुढे करा. पुस्तकवाले शिकणाऱ्या पोरीशी फार ताणत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

झेरॉक्सचं ती म्हणते आहे. यावर आपल्या देशात मोठा खटला झालेला आहे. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर २०१२ मध्ये तीन बड्या परदेशी प्रकाशकांनी दावा ठोकला होता, की आमच्या पुस्तकांतली प्रकरणं जोडून हा मुलांना विकतो. १६ सप्टेंबर २०१६ला दिल्ली उच्च न्यायालयानं दावा फेटाळला. शिकवण्याच्या कामासाठी कॉपीराइट कायद्यातच सवलत आहे असं सांगितलं. डिसेंबरमध्ये खंडपीठानं प्रकरण पुन्हा सुनावणीला पाठवलं, तरी शिकवण्यासाठी लागेल तेवढ्या भागाची प्रत चालते हे मान्य केलं, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. तेव्हा मैत्रिणीच्या पुस्तकातल्या दोन धड्यांची झेरॉक्स मारली म्हणून कुणी पोलिसात देत नाही. अख्ख्या पुस्तकाच्या प्रती काढून विकणं ही निराळी गोष्ट. पण माझा आक्षेप कायद्याचा नाही, पैशांचा आहे. बालभारतीचं अख्खं पुस्तक झेरॉक्स करायला जाल तर नव्या पुस्तकाहून महाग पडेल, आणि रसायनशास्त्रातल्या रंगीत आकृत्या काळ्या होऊन जातील. झेरॉक्स ठेवावी जाड, महागड्या संदर्भपुस्तकातल्या नेमक्या प्रकरणांपुरती.

मोबाइलवर पाहीन, हे मात्र मला काळजीचं वाटतं. सामग्री भरपूर आहे, त्यात शंका नाही. ई-बालभारतीवर सगळी पुस्तकं फुकट आहेत, एनसीईआरटीची आहेत, पुढे बीएस्सी-इंजिनिअरिंगला गेली तर आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं आहेत. पण तुमचा फोन सकाळी मिस्टरांच्या खिशातून हिंगण्याला जातो आणि संध्याकाळी येतो. फुकट पुस्तक फोन घरात असेल तेवढेच तास फुकट. रात्री थकून आलेल्या माणसाच्या हातातून फोन मागायचा, तोही भावाचा गेम खेळून झाल्यावर. गप्प बसणारी मुलगी किती दिवस मागेल? दोन आठवडे. मग म्हणेल, ‘नाही आई, आज काही नव्हतं.’ म्हणून तिच्याजवळ कागदाचं पुस्तक असायलाच हवं.

तिच्यासाठी एक खरंच बघण्यासारखी गोष्ट नागपुरातच आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठीच्या महाज्योती संस्थेचं मुख्य कार्यालय दीक्षाभूमी रस्त्यावर, श्रद्धानंदपेठेतल्या सामाजिक न्याय भवनात आहे. दहावी होऊन अकरावी सायन्सला जाणाऱ्या मुलांकडून ते जेईई, नीट आणि सीईटीच्या मोफत ऑनलाइन प्रशिक्षणासाठी अर्ज मागवतात. आतापर्यंतच्या तुकड्यांना टॅब आणि रोजचा इंटरनेट डेटाही दिलेला आहे. म्हणजे फोनचा प्रश्न तिथे सुटू शकतो. जाहिरात त्यांच्या संकेतस्थळावर निघते आणि मुदत संपली की संपली. ८६ टक्क्यांच्या मुलीनं हा अर्ज न करणं म्हणजे समोर आलेलं ताट परत पाठवणं. ज्या वाचकांची मुलं अनुसूचित जातीची आहेत त्यांनी बार्टीकडे आणि मराठा समाजातल्यांनी सारथीकडे अशाच जाहिराती पाहाव्यात.

घरात शांतपणे बसायला जागा नसेल, आणि शिलाई मशिनच्या आवाजात नसणारच, तर बर्डीतलं राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय किंवा शासकीय विभागीय ग्रंथालय बघून या. महापालिकेच्या अभ्यासिकाही आहेत. तुमच्या भागात कुठली जवळ आहे ते विचारा. मे महिन्यात मानेवाड्याच्या पत्र्याखाली बसून भौतिकशास्त्र कुणाच्याच डोक्यात शिरत नाही.

आणि कॉमर्स. मुलीला कॉमर्सची आवड असती तर मी एका शब्दानं अडवलं नसतं. सीए होणं काही सोपं किंवा कमी नाही. पण खर्च झेपत नाही म्हणून कॉमर्स, हे कारण तपासून पाहू. अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. म्हणून प्रवेशाचे पसंतीक्रम भरताना अनुदानित तुकडी कुठली आणि विनाअनुदानित कुठली हे नीट बघा. एकाच कॉलेजात दोन्ही असतात आणि फीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ‘इंटिग्रेटेड’ म्हणून क्लासशी जोडलेली कॉलेजं यादीतून काढूनच टाका. बारावीनंतरचं सांगायचं तर, २०२४-२५ पासून राज्यानं व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या प्रवेशप्रक्रियेतून गेलेल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. म्हणजे तुमच्या दोन मुलांपैकी इंजिनिअरिंगला कमी खर्चात जाऊ शकेल असं जर कुणी असेल, तर ती ही. हे मिस्टरांना रागानं नको, जेवण झाल्यावर आकड्यांसकट सांगा. हिशेबाच्या माणसाला हिशेबच पटतो.

भिशीच्या बारा हजारांचं माझं मत विचाराल तर ते तिचे. चार मुख्य पुस्तकं, एनसीईआरटीची जुनी, प्रॅक्टिकलची जर्नलं, सरावाचं एखादं चांगलं पुस्तक आणि वाचनालयाची वर्गणी, एवढं होऊन त्यातून पैसे उरतील. ते घरखर्चात मिसळू देऊ नका, बारावीच्या पुस्तकांना लागतील. मुलाच्या बुटांचं पगारातून बघा; दप्तर गेल्या वर्षीचं शिवून चालेल, ते तर तुमच्याच हातचं काम आहे.

एक घाईचं सांगते. महाज्योतीला काय, पुढच्या सवलतींना काय, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि डोमिसाइल लागणारच. जातीचा दाखला वडिलांचा असेल तर तिचा निघणं सोपं, नसेल तर जुनी कागदपत्रं शोधण्यातच दिवस जातात. नॉन-क्रिमीलेअरला मिस्टरांच्या उत्पन्नाचे कागद लागतील, कंपनीकडून ते आताच मागून ठेवा. जून उजाडला की सेतू केंद्रावर रांगा रस्त्यापर्यंत येतात, म्हणून बर्डीला पुस्तकं बघायला जाण्याआधी हे काम उरका.